शोध लागला म्हणून मालकी येते काय?

व्हॅटिकनच्या दोन खात्यांनी ३० मार्च २०२३ रोजी एक संयुक्त निवेदन प्रसिद्ध केले. पंधराव्या शतकातील पोपच्या आज्ञापत्रांवर आधारलेला ‘शोधाचा सिद्धान्त’ हा कॅथलिक चर्चच्या शिकवणुकीचा भाग नाही, असा खुलासा त्यात होता. ख्रिस्ती राजाच्या दर्यावर्दीने एखादी भूमी प्रथम पाहिली की तिची मालकी त्या राजाकडे जाते आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे नांदणाऱ्यांकडे उरते ती केवळ वहिवाट, असा हा सिद्धान्त. तो चर्चने उघडपणे नाकारावा म्हणून अमेरिका खंडातील आदिवासी कित्येक वर्षे झगडत होते. जुलै २०२२ मध्ये पोप फ्रान्सिस कॅनडात गेले. तेथील निवासी शाळांतून आदिवासी मुलांवर झालेल्या अत्याचारांबद्दल त्यांनी क्षमा मागितली. तरीही क्वेबेक प्रांतातील त्यांच्या प्रार्थनासभेत ‘सिद्धान्त मागे घ्या’ अशी मागणी करणारा फलक झळकलाच. आठ महिन्यांनी निवेदन निघाले त्याची पार्श्वभूमी ही.

निवेदन स्वागतार्ह खरेच. पण त्याची भाषा फार जपून वापरलेली आहे. वसाहतवादी सत्तांनी या आज्ञापत्रांचा राजकीय हेतूने गैरवापर केला, असे त्यात म्हटले आहे. हा बचाव पुरता पटण्यासारखा नाही. पाचव्या निकोलसने १४५५ साली पोर्तुगालच्या राजाला ख्रिस्तेतरांना जिंकण्याचा आणि कायमचे गुलाम करण्याचा अधिकार दिला होता. सहाव्या अलेक्झांडरने १४९३ साली अटलांटिक महासागरावर एक रेषा कल्पून तिच्या पलीकडील भूमी स्पेनच्या राजाराणीच्या पदरात टाकली होती. इतक्या स्वच्छ शब्दांचा विपर्यास करण्याचे कष्ट कोणालाही घ्यावे लागले नाहीत. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, २०२३ साली चर्चने जे सांगितले ते चर्चच्याच एका अध्यापकाने १५३९ साली, म्हणजे ४८४ वर्षे आधी, अधिक निर्भीडपणे आणि अधिक काटेकोर युक्तिवादाने मांडले होते. मग मध्ये इतका काळ का जावा? त्याचे उत्तर एका अंशी सत्तेच्या लोभात आहे, हे उघडच आहे. पण दुसऱ्या अंशी ते त्या युक्तिवादातच दडलेल्या एका व्यंगात आहे, आणि ते व्यंग आजच्या जागतिक राजकारणातूनही गेलेले नाही.

कोलंबसाच्या पहिल्या सफरीला पुरी वीस वर्षेही झाली नव्हती, तेव्हाच स्पॅनिश साम्राज्याच्या सदसद्विवेकाला पहिला धक्का बसला. डिसेंबर १५११ मध्ये हिस्पानिओला बेटावर, म्हणजे आजच्या हैती व डॉमिनिकन प्रजासत्ताकाच्या भूमीवर, आंतोनियो दे मोंतेसिनोस या डॉमिनिकन धर्मोपदेशकाने प्रवचनाच्या वेळी समोर बसलेल्या स्पॅनिश वसाहतवाल्यांनाच जाब विचारला : या लोकांना राबवून मारण्याचा अधिकार तुम्हांला दिला कोणी? तक्रारी राजापर्यंत गेल्या. राजदरबाराने दोन गोष्टी केल्या. १५१२ साली बुर्गोस येथे वेठीचे नियमन करणारे कायदे केले. आणि पालासिओस रुबिओस या कायदेपंडिताकडून १५१३ च्या सुमारास एक जाहीरनामा लिहवून घेतला. ईश्वराने जग निर्माण केले, पोप हा त्याचा प्रतिनिधी, पोपने ही भूमी आमच्या राजाला दिली, तेव्हा शरण या. न याल तर युद्ध होईल, बायकामुले गुलाम होतील आणि दोष तुमचाच राहील, असा त्याचा मथितार्थ. हा जाहीरनामा स्पॅनिश भाषेत, ती भाषा कधीही कानावर न पडलेल्या लोकांसमोर वाचला जाई. काही वेळा तर ओस पडलेल्या वस्तीसमोर. वाचन झाल्याची नोंद मात्र दप्तरात रीतसर होत असे. जुलमी सत्तेला कागद पुरा करण्याची केवढी हौस असते, याचा याहून ठळक नमुना शोधूनही सापडणार नाही.

या कागदाचा पायाच उखडून टाकण्याचे काम फ्रान्सिस्को दे व्हितोरिया याने केले. हाही डॉमिनिकन, शिक्षण पॅरिसला झालेले. १५२६ साली तो सालामांका विद्यापीठात धर्मशास्त्राच्या मुख्य अध्यासनावर आला. त्या विद्यापीठात अध्यासनासाठी विद्यार्थ्यांची मते घेतली जात, ही गोष्ट आजच्या विद्यार्थ्यांना नवलाची वाटेल. व्हितोरियाने आपल्या हयातीत ही व्याख्याने छापली नाहीत. तो १५४६ साली वारला आणि त्याची व्याख्याने १५५७ साली फ्रान्समधील लिआँ येथे प्रसिद्ध झाली, तीही शिष्यांनी उतरून घेतलेल्या टिपणांच्या आधारे. पेरूचा राजा आताहुआल्पा याला १५३३ साली पिझारोने ठार केले, त्या वार्ता स्पेनमध्ये आल्यावर पुढच्याच वर्षी व्हितोरियाने एका धर्मबंधूला लिहिलेल्या पत्रात आपली घृणा लपवली नव्हती. १५३९ च्या जानेवारीत त्याने हा विषय भर सभेत व्याख्यानासाठी घेतला.

त्याची भूमिका नैसर्गिक कायद्याची होती. ही कल्पना त्याची स्वतःची नव्हे; ती रोमन विचारवंतांकडून आणि तेराव्या शतकातील थॉमस अक्वायनसकडून आलेली. राजाच्या आज्ञेच्या आधी आणि तिच्या वर एक कायदा आहे; तो माणसाला बुद्धीने कळतो, आणि बुद्धी सर्वांना असल्यामुळे तो ख्रिस्ती व ख्रिस्तेतर या दोघांनाही सारखाच लागू पडतो, असे तिचे थोडक्यात स्वरूप. भारतीय वाचकाला येथे ‘ऋत’ या वैदिक कल्पनेची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. पण ही तुलना फार ताणण्यात अर्थ नाही, कारण सालामांकाच्या पंडितांना विश्वाच्या नियमाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मालमत्ता, करार आणि युद्ध यांच्या नियमांची काळजी होती. धर्मशास्त्री असूनही त्यांची सारी रीत वकिलाची होती.

व्हितोरियाने पहिला प्रश्न हा घातला की, स्पॅनिश लोक येण्यापूर्वी या भूमीचे खरे मालक कोण होते? मूळ रहिवासीच, हे त्याचे उत्तर. पापी माणूस मालकीला मुकत नाही. अश्रद्ध माणूसही मुकत नाही. ते बुद्धिहीन आहेत म्हणावे, तर त्यांची नगरे आहेत, विवाहसंस्था आहे, अधिकारी आहेत, कायदे आहेत, बाजार आहेत. मग स्पेनचा हक्क कोणता? सम्राट जगाचा स्वामी आहे, हे खोटे. पोप जगाचा ऐहिक स्वामी आहे, हेही खोटे. जे पोपचे नाहीच ते तो दुसऱ्याला कसे देणार? शोधाने मालकी येते ती बेवारस वस्तूची. ज्या भूमीला धनी आहे तिचा शोध लावून काही मिळत नाही. त्या लोकांनी उद्या स्पेनचा शोध लावला असता, तर त्यांना जेवढा हक्क मिळाला असता तेवढाच स्पेनला मिळतो, असे व्हितोरियाने बजावले. त्यांनी ख्रिस्ती धर्म नाकारला म्हणून युद्ध करता येईल काय? नाही. त्यांनी स्वेच्छेने स्पेनचे राज्य पत्करले असे म्हणावे, तर भोवती शस्त्रधारी सैनिक उभे असताना, काय विचारले जात आहे हेही न समजणाऱ्या भेदरलेल्या लोकांनी दिलेला होकार हा होकारच नव्हे. भय आणि अज्ञान यांनी संमती दूषित होते. जाहीरनाम्याच्या चिंधड्या याहून शांत शब्दांत उडवता आल्या नसत्या.

सम्राट पाचवा चार्ल्स याला हे रुचणे शक्यच नव्हते. १० नोव्हेंबर १५३९ रोजी त्याने सालामांकाच्या सान एस्तेबान मठाच्या प्रमुखाला पत्र पाठवले : तुमच्याकडील काही धर्मगुरू आमच्या हक्कांविषयी व्याख्याने देत आहेत, ती थांबवा आणि लिखाणाच्या प्रती आमच्याकडे पाठवा. पत्रात व्हितोरियाचे नाव नाही, पण रोख कोणाकडे होता हे कोणालाही कळत होते. हे सांगताना दुसरी बाजूही सांगायला हवी. याच सम्राटाने त्यानंतर व्हितोरियाचा सल्ला अनेकदा घेतला, १५४२ साली वेठीला आळा घालणारे नवे कायदे केले आणि १५५० साली तर आपल्या विजयाचा न्याय-अन्याय ठरेपर्यंत नव्या मोहिमा स्थगित ठेवल्या. विजय चालू असताना स्वतःच्याच हक्कावर वाद घालू देणारी साम्राज्ये इतिहासात फार नाहीत.

पण व्हितोरियाचे व्याख्यान एवढ्यावर संपत नाही, आणि खरी अडचण उरलेल्या भागात आहे. खोटे हक्क मोडीत काढल्यावर तो खरे हक्क कोणते असू शकतील, हे सांगू लागतो. सर्व मानवजात एक समाज आहे, म्हणून परक्या देशात निरुपद्रवी प्रवास करण्याचा, राहण्याचा व व्यापार करण्याचा हक्क प्रत्येकाला आहे. धर्मप्रचाराचा हक्क आहे. ऐकणाऱ्याने धर्म स्वीकारलाच पाहिजे असे नाही, पण प्रचाराला अडथळा करता कामा नये. धर्मांतर केलेल्यांचे रक्षण, नरबळीसारख्या अत्याचारातून निरपराधांची सुटका, मित्रांना मदत, खरीखुरी लोकसंमती या कारणांनीही हस्तक्षेप न्याय्य ठरू शकतो. यांतील एकेक वाक्य स्वतंत्रपणे वाचले तर आक्षेप घ्यावा असे फारसे काही नाही. पण हे हक्क डावलले गेले की नाही, हे ठरवणार कोण? व्यापाऱ्याच्या वेषात सैनिक आला आणि स्थानिक राजाने त्याला किनाऱ्यावर उतरू दिले नाही, तर प्रवासाच्या नैसर्गिक हक्काचा भंग झाला असे त्या सैनिकानेच जाहीर करायचे आणि त्यानेच शिक्षाही करायची. व्हितोरियाला हा धोका दिसत नव्हता असे नाही. परक्यांना पाहून भ्यालेल्या लोकांचा प्रतिकार क्षम्य मानावा, असेही तो सांगतो. तरीपण फिर्यादी, न्यायाधीश आणि अंमलदार हे तिघेही एकाच बाजूचे, ही रचना त्याच्या युक्तिवादातून हलत नाही.

श्रीलंकेत जन्मलेले कायदेपंडित अँटनी अँघी यांनी याच मुद्द्यावर बोट ठेवले आहे. सर्वांना लागू असलेला कायदा म्हणून जो मांडला गेला, तो प्रत्यक्षात युरोपीय व्यापाऱ्याच्या गरजांचा कायदा होता, आणि त्याच्या कसोटीवर अमेरिकेतील मूळ रहिवासी गुन्हेगार ठरणार हे आधीच ठरलेले होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे. उलट, अमेरिकी विद्वान जेम्स ब्राउन स्कॉट यांनी १९३० च्या दशकात व्हितोरियाला आंतरराष्ट्रीय कायद्याचा जनक ठरवले होते, आणि जिनिव्हात राष्ट्रसंघाच्या वास्तूतील एका सभागृहाला त्याचे नाव मिळाले. अँघींची टीका भेदक आहे, पण ती एका बाजूला थोडी कलते. युरोपीय लोभाला सबब हवीच होती, तर ती पोपच्या दानपत्रात आयती मिळत होती. ती सबब काढून घेणारा माणूस केवळ साम्राज्याचा वकील होता, असे म्हणणे न्यायाचे नाही.

पुढील पिढ्यांत हीच ओढाताण दिसते. १५५०-५१ साली वायादोलिद येथे लास कासास आणि सेपुलवेदा यांचा गाजलेला वाद झाला. काही लोक निसर्गतःच गुलाम असतात या ॲरिस्टॉटलच्या मताचा आधार सेपुलवेदाने घेतला होता. सालामांका व अल्काला या विद्यापीठांच्या विरोधामुळे त्याच्या ग्रंथाला छपाईची परवानगी मिळाली नाही. परीक्षकांत डोमिंगो दे सोतो हा व्हितोरियाचा सहकारी होता. निकाल मात्र कधीच जाहीर झाला नाही. आफ्रिकेच्या बाबतीत तर या पंडितांची नजर अधिकच मंद झालेली आढळते. आफ्रिकी गुलाम आणावेत, अशी सूचना प्रारंभी खुद्द लास कासासनेच केली होती. तिचा त्याला पुढे पश्चात्ताप झाला. लुइस दे मोलिना या जेझुइट पंडिताने लिस्बनच्या गुलामांच्या व्यापाराची तपशीलवार चौकशी केली, व्यापाऱ्यांना प्रश्न विचारले, आणि त्यातील बराचसा व्यवहार अन्याय्य व पापमय आहे असे १५९३ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या आपल्या ग्रंथात लिहिले. पण गुलामगिरीची संस्थाच अनैसर्गिक आहे, हे शेवटचे पाऊल त्याने टाकले नाही. लिस्बनच्या बंदरातून जहाजे सुटतच राहिली.

फ्रान्सिस्को सुआरेझ हा या परंपरेचा अखेरचा मोठा ग्रंथकार. कोइंब्रा येथे शिकवत असताना १६१२ साली त्याने कायद्याविषयीचा आपला प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. मानवजात अनेक राष्ट्रांत विभागली गेली तरी तिच्यात काही एक ऐक्य उरते, आणि त्यातूनच राष्ट्राराष्ट्रांमधील कायदा निर्माण होतो, हे त्याचे सूत्र. राजसत्ता ईश्वराकडून थेट राजाला मिळत नाही, ती लोकसमूहाच्या द्वारे मिळते, हे त्याचे म्हणणे इंग्लंडचा राजा पहिला जेम्स याला इतके झोंबले की सुआरेझचा पुढच्या वर्षीचा ग्रंथ त्याने लंडनमध्ये जाळवला.

या वादाची एक शाखा आशियात, आणि पर्यायाने गोव्यापर्यंत, येऊन पोचते. डच जहाजांनी १६०३ साली सिंगापूरजवळ ‘सांता कातारिना’ हे पोर्तुगीज गलबत लुटले. त्या लुटीच्या समर्थनासाठी तरुण ग्रोशियसने जे लिहिले, त्यातील एक प्रकरण १६०९ साली समुद्राच्या स्वातंत्र्यावरील पुस्तक म्हणून प्रसिद्ध झाले. प्रॉटेस्टंट ग्रोशियसने या कॅथलिक शत्रूविरुद्ध साक्षीदार उभा केला तो कॅथलिक व्हितोरियाच. जावा, श्रीलंका, मोलुक्का येथे स्वतःचे राजे आणि स्वतःचे कायदे आहेत, तेव्हा तेथे पोर्तुगीजांची मालकी शोधानेही येत नाही आणि पोपच्या दानानेही येत नाही, असा त्याचा दावा होता. पोर्तुगीज पंडित सेराफिम द फ्रेइतास याने १६२५ साली त्याला उत्तर दिले. पण गंमत अशी की, पूर्वेकडील राजे सार्वभौम आहेत हे फ्रेइतासनेही मान्य केले. परक्या व्यापाऱ्याला बंदी करण्याचा अधिकार राजाला असतो, असे तर त्याने ग्रोशियसपेक्षाही ठामपणे सांगितले. गोवा ही पोर्तुगीजांच्या पूर्वेकडील सत्तेची राजधानी. तेथून दर्यावर कार्ताझ नावाच्या परवान्यांची सक्ती चाले, आणि त्याच वेळी आदिलशाहीशी, मोगलांशी तह आणि वकिलातीही चालत. मद्रास विद्यापीठात अध्यापन केलेले सी. एच. अलेक्झांड्रोविच यांनी १९६७ सालच्या आपल्या ग्रंथात हाच इतिहास खणून काढला. सतराव्या-अठराव्या शतकांत आशियाई राज्ये राष्ट्रांच्या कायद्याच्या कक्षेत होती; एकोणिसाव्या शतकात ‘सुसंस्कृत’ राष्ट्रांनी ती बाहेर ढकलली, असे त्यांनी दाखवून दिले.

हा पुस्तकी वाद नव्हता. १९५४ साली दादरा व नगरहवेली मुक्त झाल्यावर पोर्तुगालने पुढच्या वर्षी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात भारताविरुद्ध दावा लावला. दाव्याचा आधार पोपचे आज्ञापत्र नव्हते, तर पेशव्यांशी १७७९ साली झालेला पुण्याचा तह आणि त्यापुढील सनदा. न्यायमूर्ती म. क. छागला या खटल्यात भारतातर्फे खास न्यायाधीश म्हणून बसले होते. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने तह वैध ठरवला. पण मराठ्यांनी त्यान्वये सार्वभौमत्व दिले नव्हते, दिला होता तो दमणजवळच्या गावांचा वार्षिक १२,००० रुपये महसुलाचा सरंजाम, असाही निर्वाळा दिला. पोर्तुगालची सत्ता पुढे ब्रिटिशांनी मान्य केली म्हणून ती तेथे रुजली, एवढेच. नागरी ये-जा मान्य झाली, सैन्याचा मार्ग नाकारला गेला आणि १९५४ साली भारताने आपले कर्तव्य मोडले नव्हते, असे ठरले. जमिनीचा महसूल आणि जमिनीवरील राज्य या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मराठी दप्तराला पहिल्यापासून ठाऊक होते.

आजच्या घडामोडींकडे व्हितोरियाच्या यादीतून पाहिले तर ओळखीची कलमे चटकन दिसतात. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले ते स्वकीयांची कत्तलीतून सुटका करण्याच्या नावाने. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १६ मार्चला १३ विरुद्ध २ मतांनी लष्करी कारवाई थांबवण्याचा हंगामी आदेश दिला, तो मॉस्कोने जुमानला नाही. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात चार प्रांतांत बंदुकांच्या छायेत ‘सार्वमत’ घेण्यात आले. भोवती शस्त्रधारी उभे असताना दिलेली संमती ही संमतीच नव्हे, हे वाक्य तेथे शब्दशः लागू पडते. २००३ साली इराकवर चालून जाताना अमेरिकेनेही मुक्तीची भाषा वापरलीच होती. ७ जानेवारी २०२५ रोजी डोनाल्ड ट्रम्प यांनी ग्रीनलंड मिळवण्यासाठी लष्करी वा आर्थिक दडपणाचा वापर करणार नाही, अशी ग्वाही देण्याचे नाकारले. येथे तर सोळाव्या शतकातील सबबींचीही गरज भासली नाही. सुरक्षिततेसाठी हवे आहे, एवढे कारण पुरले. ग्रीनलंडवासी हे स्वयंनिर्णयाचा अधिकार असलेले लोक आहेत, हे डेन्मार्कने २००९ सालच्या कायद्याने मान्य केलेले आहे. निदान सबब सांगण्याची गरज ज्याला वाटते त्याला त्याच्याच शब्दांत पकडता येते. ज्याला तीही वाटत नाही त्याच्याशी वाद कोणत्या भूमीवर घालायचा, हा प्रश्न सालामांकाच्या पंडितांपुढे आला नव्हता.

मे २०२५ मध्ये निवडून आलेले पोप चौदावे लिओ यांनी पेरूत अनेक वर्षे धर्मकार्य केले आहे आणि ते त्या देशाचे नागरिकही आहेत. जूनमध्ये विविध देशांच्या संसद सदस्यांपुढे बोलताना त्यांनी नैसर्गिक कायद्याचा सर्व काळी व सर्व ठिकाणी लागू असलेला कायदा म्हणून पुरस्कार केला. हा पुरस्कार आणि २०२३ चे निवेदन एकत्र वाचले तर चर्चची भूमिका आता सुसंगत झाली आहे, असे म्हणता येईल. न्यायालयांची गोष्ट वेगळी. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १८२३ साली जॉन्सन विरुद्ध मॅकिंटॉश या खटल्यात शोधाचा सिद्धान्त आपल्या कायद्यात आणला. विजयाने आलेला हक्क विजेत्याच्या न्यायालयांना नाकारता येत नाही, अशा आशयाची कबुली मुख्य न्यायाधीश मार्शल यांनी त्या निकालातच देऊन टाकली होती. ओनिडा या आदिवासी राष्ट्राने न्यूयॉर्क राज्यातील आपल्या जुन्या प्रदेशातील जमिनी १९९७-९८ साली पैसे मोजून परत विकत घेतल्या आणि त्यांवर आपले सार्वभौमत्व सांगितले. शेरिल शहराने मालमत्ता कर मागितला. २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध १ मतांनी ओनिडांचे म्हणणे फेटाळले. निकाल लिहिला तो उदारमतवादी म्हणून ख्याती असलेल्या न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी, आणि त्याच्या पहिल्याच तळटीपेत शोधाच्या सिद्धान्ताचा हवाला आहे.